अक्कलकारा बियांपासून : दोनदा पेरला, एकही कोंब नाही. तिसऱ्या वेळेसाठी मदत हवी

पानजाळी

नमस्कार मंडळी,

अक्कलकाऱ्याचं रोप बियांपासून कुणी वाढवलंय का? माझे दोन प्रयत्न वाया गेले. उरलेल्या बिया मोजक्या आहेत, त्या घालवायच्या नाहीत, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी कोणतं झाड ते सांगते. गुडघ्याच्या खालीच राहणारं, पसरट. पानं समोरासमोर, कडेला दातेरी. फूल म्हणजे पिवळं घट्ट बोंड, लांब देठावर उभं. पाकळ्या अजिबात नाहीत, टोकाला तांबडा ठिपका. ते चावलं की आधी नुसती पाल्याची चव लागते. मग जिभेवर मुंग्या येतात, तोंडाला पाणी सुटतं आणि हळूहळू जीभ बधिर होते.

माझ्या आजीकडे हे झाड होतं. माझी दाढ दुखत होती तेव्हा तिने अर्धं बोंड मला दिलं आणि उरलेलं अर्धं स्वतः चावलं, म्हणजे मी एकटीच घाबरायला नको. आजीची माझी सगळ्यात जुनी आठवण हीच. आजी गेली, मागे ते घरही गेलं. आता मैत्रिणीने तिच्या झाडाच्या बिया पुडीत बांधून दिल्यात.

मी काय केलं ते सांगते. पहिल्या वेळी बिया रात्रभर भिजवल्या, कुंडीतल्या मातीत अर्धं पेर खोल टोचल्या आणि रोज पाणी घातलं. पंचवीस दिवस वाट पाहिली. काही नाही. दुसऱ्या वेळी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं घेतलं, बियांवर साधारण एक सेंटिमीटर थर दिला आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधली. पांढरी बुरशी तेवढी आली.

आता साधारण साठ बिया उरल्यात. काय चुकतंय?

मातीचा_वास

पानजाळी, दोन्ही वेळा तू बिया झाकल्यास, आणि अडलं ते तिथेच. अक्कलकारा पेरायचा नसतो, भुरभुरायचा असतो.

या बीला उजेड लागतो. माती चाळून घे, भिजवून घे, वरचा भाग हाताने सपाट कर आणि बिया नुसत्या वर टाक. मग सपाट लाकडाने किंवा पेल्याच्या बुडाने हलकेच दाबायचं, म्हणजे बी ओल्या मातीला चिकटतं. वर काही घालायचं नाही. बिया डोळ्यांना दिसत राहिल्या पाहिजेत. नव्या माणसाला हे बघवत नाही, चिमूटभर माती टाकावीशी वाटतेच. टाकू नकोस.

रात्रभर भिजवायचीही गरज नाही. इतकं बारीक बी भिजलं की बोटाला चिकटतं आणि सगळ्या बिया एकाच जागी पडतात.

कोवळी_सावली

मातीचा_वास काकांशी बव्हंशी सहमत. एकच सांगते : माझ्याकडे वर्मिक्युलाइटचा (तापवून फुगवलेलं हलकं खनिज) अगदी विरळ थर देऊनही उगवलं होतं. त्याच्यातून थोडा उजेड आत जातो आणि बी वाळत नाही. हवा कोरडी असेल तर उघडी बी दुपारपर्यंत सुकून जाते, त्यापेक्षा हे बरं. पण थर म्हणजे बिया अर्धवट दिसतील इतकाच.

बीजांकुर

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे उजेडाची भानगड जरा सविस्तर लिहिते. हे एकदा समजलं की कुठल्याही बारीक बीच्या बाबतीत उपयोगी पडतं.

बी जितकं लहान तितकी त्यातली शिदोरी कमी. वाटाण्याच्या दाण्यात इतका साठा असतो की तो बोटभर खोलीतूनही वर येतो. अक्कलकाऱ्याचं बी जेमतेम दोन मिलिमीटर लांब, चपटं. एवढ्याशा साठ्यावर ते फार तर दोन-चार मिलिमीटर माती ओलांडेल. खोल अंधारात उगवलं तर उजेडाला पोचायच्या आतच संपेल. त्यामुळे अशा बियांमध्ये एक राखणदार असतो, फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. तांबडा प्रकाश मिळाला की ते रूप बदलतं आणि बीला उगवण्याची मुभा देतं. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा दूर-तांबडा प्रकाश मिळाला की ते परत पहिल्या रूपात जातं आणि बी थांबून राहतं.

हे उलटसुलट होणं बॉर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवलं. तांबडा, मग दूर-तांबडा, मग पुन्हा तांबडा असे प्रकाशाचे झोत आळीपाळीने दिले, आणि बियांनी शेवटचा झोत कोणता यावरच उगवायचं की नाही ते ठरवलं. लेट्यूस अक्कलकाऱ्याच्याच कुळातलं आहे, सूर्यफुलाच्या.

याचा बागेतला अर्थ असा. हिरवी पानं तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि दूर-तांबडा खाली जाऊ देतात. म्हणजे दाट पाल्याखाली पडलेल्या अशा बीला कळतं की डोक्यावर कुणीतरी आहे, आत्ता थांबावं. माझ्या वाफ्यात मोठं झाड असेपर्यंत त्याच्याखाली एक रोप दिसत नाही. झाड काढलं की आठ-दहा दिवसांत तिथे हिरवा गालिचा उगवतो. बिया सगळा वेळ तिथेच होत्या.

त्यामुळे पानजाळी, ट्रे दुसऱ्या कुंडीतल्या झाडाच्या सावलीत ठेवू नकोस. खिडकीपाशी, थेट उजेड येईल असा ठेव.

रानवाट

वाचनखूण साठवली. बीजांकुर ताई, झाड काढल्यावर गालिचा उगवतो हे मीही दरवेळी पाहतो. कारण आज कळलं.

उजेडाइतकीच ऊबही महत्त्वाची आहे. हे उष्ण प्रदेशातलं झाड. मातीचं तापमान 21 ते 25 अंश सेल्सियस असेल तर एक-दोन आठवड्यांत उगवतं. माती 15 अंशांच्या आसपास राहिली तर बी बसून राहतं आणि बसलेलं बी कुजतं. थंडी असेल तर घाई नको. दहिवर गोठण्याइतकी थंडी मोठ्या झाडालाही सोसत नाही, एका रात्रीत काळं पडतं. जिथे तशी थंडी नसते तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं.

नवखा_माळी

माझ्याकडे काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेलं अक्कलकाऱ्याचं मूळ आहे, सुकं, बोटाएवढं. ते कुंडीत लावलं तर फुटेल का? चव घेऊन पाहिली, मुंग्या येतात, म्हणजे झाड तेच असणार.

रानवाट

नवखा_माळी, नाही फुटणार. आणि झाडही ते नाही. या नावाचा घोळ मोठा आहे, म्हणून नीट लिहितो.

अक्कलकारा या नावाखाली दोन वेगळी झाडं येतात. जुन्या ग्रंथांतला आकारकरभ म्हणजे अॅनासायक्लस पायरेथ्रम. ते भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातलं, उत्तर आफ्रिकेतलं झाड. पानं बडीशेपेसारखी बारीक चिरलेली, फूल पांढऱ्या पाकळ्यांचं, पाकळीची मागची बाजू तांबूस. औषधात त्याचं मूळ वापरतात. तुमच्याकडे आहे ते हे. अरबीतल्या आकरकरहा या नावाशी आपल्या अक्कलकाऱ्याचं नातं उघड दिसतं.

पानजाळी ज्याबद्दल लिहितेय ते अॅक्मेला ओलेरेसिया. मूळ दक्षिण अमेरिकेकडचं. लिनियसने 1767 मध्ये त्याला स्पायलँथिस ओलेरेसिया म्हटलं, आणि 1985 मध्ये जॅन्सेनने ते अॅक्मेला या प्रजातीत नेलं. म्हणून बियांच्या पाकिटावर अजूनही कुठे स्पायलँथिस लिहिलेलं असतं, कुठे अॅक्मेला. याचं बोंड आणि पानं वापरतात.

दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोन्ही जिभेला झिणझिण्या आणणारी, म्हणून लोकांनी एकच नाव दिलं. मुंग्या आणणारी द्रव्यं एका जातकुळीची आहेत, पण एक नाहीत. अॅक्मेलात स्पायलँथॉल, दुसऱ्याच्या मुळात मुख्यतः पेलिटोरिन. त्यामुळे एकाच्या मुळाचं प्रमाण दुसऱ्याच्या बोंडाला लावू नका.

नवखा_माळी

धन्यवाद दादा. मूळ बाजूला ठेवलं. बियाच मिळवतो. पण बिया मिळाल्या तरी झाड हेच, हे कसं ओळखायचं?

रानवाट

बीवरून नाही, फुलावरून. ओलाव्याच्या जागी आपोआप उगवणारे याचे काही भाऊबंद आहेत. त्यांतल्या काहींच्या बोंडाला कडेने आखूड पिवळ्या पाकळ्या असतात आणि बोंडही छोटं असतं. अॅक्मेला ओलेरेसियाला पाकळ्या नसतात, बोंड जाडजूड, आणि ताजं असताना टोकाला तांबूस-किरमिजी ठिपका. तो ठिपका म्हणजे अजून न उमललेल्या कळ्या. फूल खालून वर उमलत जातं तसा ठिपका लहान होतो आणि बोंड शंकूसारखं लांबतं. भाऊबंदांनाही झिणझिण्या असतात, म्हणून केवळ चवीवर विसंबू नका. आणि खात्री होईपर्यंत कुठलंच अनोळखी झाड चाखायचं नाही, हे तर आहेच.

पानजाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोनदा बिया अंधारात कोंडल्या, हे वाचून वाईट वाटलं. पण आता निदान कारण कळलं.

आज तिसऱ्यांदा टाकल्या. साठपैकी चाळीस घेतल्या, वीस राखून ठेवल्या. उथळ ट्रेमध्ये चाळलेलं कोकोपीट तीन भाग आणि गांडूळखत एक भाग. काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी भिजवलं, सपाट केलं, बिया कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरल्या. वाळूमुळे त्या विखुरल्या छान. मग वाटीच्या बुडाने दाबल्या. वर काहीही नाही. पिशवीऐवजी पारदर्शक झाकण, एका बाजूने काडी घालून किंचित उघडं. खिडकीपाशी ठेवलाय, माती 24 अंश दाखवतेय.

पाणी कसं घालू? फवारलं तरी बिया हलताहेत.

मातीचा_वास

वरून घालूच नकोस. ट्रे पसरट भांड्यात बोटभर पाण्यात ठेव. वरचा थर गडद दिसायला लागला की उचल आणि निथळू दे. दिवसातून एकदा पाहायचं, वर फिकट झालं तरच पुन्हा. ओलसर हवं, चिखल नको.

कोवळी_सावली

आणि गांडूळखत पुढच्या वेळी वगळून बघ. बी उगवायला खत लागत नाही. मागच्या वेळची पांढरी बुरशी त्यातूनच आली असावी. पहिली खरी पानं आल्यावर खत दिलं तरी पुरतं.

पानजाळी

सहावा दिवस. चार हिरवे ठिपके आहेत! भिंगातून पाहिलं तर दोन इवलीशी गोल पानं आणि बीचं काळं टरफल एका पानाला अजून चिकटलेलं. मी सकाळपासून पाच वेळा जाऊन आले.

टरफल काढू का?

मातीचा_वास

हात लावू नकोस. फवाऱ्याने थोडं दमट कर, रोप ते आपलं आपण टाकेल. ओढलंस तर पानासकट येईल.

पानजाळी

दहावा दिवस, एकतीस रोपं. चाळिसातली एकतीस!

पण काल रात्रीपासून एका कोपऱ्यातली रोपं आडवी पडताहेत. देठ मातीलगत बारीक होऊन पाण्यासारखा झालाय आणि वरची पानं अजून हिरवीच आहेत. सात गेली. पाण्याची कमतरता नाही, माती ओली आहे.

बीजांकुर

ही कोलमड, काही जण मर म्हणतात. पिथियम किंवा रायझोक्टोनिया यांसारख्या मातीतल्या रोगकारकांमुळे होते. देठाचा मातीलगतचा भाग सडतो, म्हणून वरचं पान हिरवं असतानाच रोप पडतं. रोग पसरतो साचलेल्या ओलाव्यामुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे.

पडलेली सात रोपं आणि त्यांच्याभोवतीची चमचाभर माती चमच्यानेच उचलून टाकून दे, खतात टाकू नकोस. झाकण आत्ताच काढ, कायमचं. उगवून आल्यावर झाकणाचं काम संपतं. हवा हलती राहू दे. ट्रे दोन दिवस पाण्यात बुडवू नकोस, वरचा थर सुकू दे. पडलेलं रोप वाचत नाही, बाकीची मात्र वाचतात.

मातीचा_वास

मी यात एक भर घालतो. कोपऱ्यातच का गेली ते बघ. तिथे बिया दाट पडल्या असणार. दाटी झाली की देठ सुकत नाहीत. उरलेल्यांतही जिथे जिथे एकमेकांना टेकलेली आहेत तिथलं एकेक रोप कात्रीने मातीलगत काप. उपटू नकोस, शेजारच्याची मुळं हलतात. जीवावर येईल, पण काप.

पानजाळी

झाकण काढलं, पडलेली काढून टाकली, पाच कापली. ती कापताना खरंच हात अडला. एकोणीस उरली. दोन दिवसांत नवीन एकही पडलेलं नाही.

कापलेल्या रोपांतलं एक जिभेवर ठेवून पाहिलं. इतक्या लहान पानातही अगदी हलकी झिणझिण आहे.

ओलावा

धागा शांतपणे वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. पानजाळी ताई, एकोणीस रोपं म्हणजे भरपूर झाली. एक झाड जगलं तरी पुरे, कारण पुढे बीचीही गरज लागत नाही. याच्या फांदीला पेराशी, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीशी, मुळं फुटतात. फांदी मातीला टेकली तरी फुटतात. चार बोटांची कोवळी फांदी पेराच्या खाली कापायची, खालची पानं काढायची आणि पाण्याच्या पेल्यात ठेवायची. माझ्याकडे आठवड्याभरात पांढरी मुळं दिसतात. एका झाडाची मी अशी बारा केली आणि वाटली.

कोवळी_सावली

फांदीने सोपं जातं हे खरं, पण एकाच झाडाच्या फांद्या म्हणजे सगळी अगदी एकसारखी झाडं. एकाला जे सोसवत नाही ते सगळ्यांना सोसवत नाही. मी दोन्ही करते. फांद्या हाताशी असाव्यात म्हणून, आणि दर वर्षी थोड्या बिया नव्याने टाकते.

पानजाळी

बत्तिसावा दिवस. सगळ्यांना खऱ्या पानांच्या दोन-दोन जोड्या आल्यात. वेगळी करायची वेळ झाली का? आणि किती मोठी कुंडी?

मातीचा_वास

झाली. करताना पानाला धर, देठाला नको. पान तुटलं तर नवं येतं, देठ चेपला तर रोप गेलं. मुळाभोवतीची माती झाडू नकोस, आहे तशी उचल.

आधी छोट्या कपात, मग मुळं तळाशी दिसायला लागली की वीतभर रुंदीच्या कुंडीत एकेक. जमिनीत लावणार असशील तर दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेव, ती आडवी वाढतात. घरातली रोपं एकदम उन्हात नेऊ नकोस. पहिल्या दिवशी सकाळचा तासभर, मग रोज थोडं वाढवत आठवड्याने पूर्ण ऊन.

पाण्याला हे झाड हावरट आहे. एक दुपार तहानलेलं राहिलं तर असं लोळतं की मेलं वाटावं. पाणी दिल्यावर तासाभरात उभं राहतं. पण रोज लोळवू नये, फुलं बारीक येतात.

हातभर... नाही, वीतभर झालं की शेंडा खुड. खाली फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी बोंडं.

ओलावा

खत जपून द्या. नत्र जास्त झालं की पाला नुसता माजतो आणि फुलं रुसतात. मावा येतो तो कोवळ्या शेंड्यावर, पाण्याच्या जोरदार धारेने जातो. गोगलगायींवर मात्र रात्री बॅटरी घेऊन लक्ष ठेवावं लागतं. तोंडाला मुंग्या येत असतील तरी त्या काही थांबत नाहीत. माझी कोवळी रोपं एका रात्रीत देठापर्यंत खाल्ली होती.

नवखा_माळी

मला बिया मिळाल्या, वर भुरभुरल्या आणि आठव्या दिवशी उगवल्या. या धाग्याचे उपकार आहेत.

एक विचारायचं होतं. माझ्या चार वर्षांच्या मुलीची दाढ किडली आहे. फूल आल्यावर बोंड चावायला दिलं तर चालेल ना?

दातवैद्य

नवखा_माळी, कृपया देऊ नका. मुलीला दंतवैद्याकडे घेऊन जा, फुलाची वाट पाहू नका.

मी दातांचा डॉक्टर आहे आणि या झाडावर माझं प्रेम आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. स्पायलँथॉलने जीभ आणि हिरडी काही मिनिटं बधिर होते, दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. कीड तिथेच राहते आणि आत जात राहते. आतल्या नसेपर्यंत पोचली, पू झाला, तर प्रकरण गंभीर होतं, लहान मुलात तर लवकर होतं. ठणका थांबला की माणूस दवाखाना पुढे ढकलतो, हे मी कितीदा पाहिलंय. गालाला सूज, ताप, तोंड उघडायला त्रास यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी जायचं.

शिवाय चार वर्षांच्या मुलाला तोंडातली ती संवेदना कळत नाही. एकदम खूप लाळ सुटते, घाबरून ठसका लागू शकतो, बधिर जीभ किंवा गाल चावला जातो.

मोठ्यांनीही थोडी काळजी घ्यावी. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळातल्या झाडांची अॅलर्जी असेल तर लांब राहा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर नको. लघवीचं प्रमाण वाढवणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नियमित खाऊ नका, कारण उंदरांवरच्या प्रयोगांत या फुलांच्या अर्काचा तसाच परिणाम दिसला आहे. जीभ बधिर असताना गरम काही पिऊ नका, भाजलेलं कळत नाही.

नवखा_माळी

डॉक्टर, वेळेवर सांगितलंत. उद्याचीच वेळ घेतली आहे.

बीजांकुर

दातवैद्य यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

स्वयंपाकातल्या वापराचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. ओलेरेसिया या शब्दाचा अर्थच भाजी म्हणून खाण्याजोगं. पानं बोंडापेक्षा बरीच सौम्य. कच्ची पानं इतर पाल्यात मिसळून दोन-चारच घ्यावीत. शिजवली की झिणझिण पुष्कळ कमी होते आणि साधी पालेभाजी उरते. बोंड मात्र पहिल्यांदा पूर्ण चावू नये. नखाएवढा तुकडा तोडून जिभेच्या टोकावर ठेवावा आणि थांबावं.

स्पायलँथॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून ज्यांनी बोंडांचा काढा करून पाहिला आणि काही जाणवलं नाही, त्यांचं झाड खोटं नव्हतं.

पानजाळी

अडुसष्टावा दिवस. पहिलं बोंड पूर्ण उमललं. तांबडा ठिपका तोच, देठ तसाच लांब. रानवाट दादा, कडेला पाकळी एकही नाही, भिंगाने पाहिलं.

अर्धं मी चावलं. अर्धं माझ्या मुलीने, ती चौदा वर्षांची आहे. दातवैद्य यांचा प्रतिसाद तिला आधी वाचायला दिला होता. आम्ही दोघी काही न बोलता बसलो होतो आणि मग एकाच वेळी दोघींच्या तोंडाला पाणी सुटलं. चव अगदी तीच.

आता बिया धरायच्या आहेत. केव्हा खुडायचं?

मातीचा_वास

वाचून डोळे भरले ग.

बियांसाठी सगळ्यात निरोगी झाडाची चार-पाच बोंडं राखून ठेव, त्यांना हात लावायचा नाही. पिवळं जाऊन पूर्ण तपकिरी होईल, शंकूसारखं लांबेल. बोटाने चोळलं की सुटायला लागलं म्हणजे तयार. त्याच्या आधी खुडलंस तर बिया कच्च्या. उशीर केलास तर झाड स्वतःच पेरतं. कोरड्या दिवशी खुड, कागदावर सावलीत आठवडाभर पसर, मग तळहातावर चोळ आणि हलकी फुंकर मार. फोल उडून जातं. त्यातही पोकळ बिया पुष्कळ असतात. फिकट आणि चपटी ती पोकळ, काळपट आणि जरा भरीव ती खरी. मूठभर भुसा निघतो आणि चिमूटभर बी.

कागदाच्या पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटली थंड आणि कोरड्या जागी. पुडीवर साल लिही. दर वर्षी उगवण उतरत जाते, म्हणून दोन वर्षांच्या आत पुन्हा पेरायचं धोरण ठेव.

कोवळी_सावली

पानजाळी, त्या राखलेल्या वीस बियांचं काय केलंस?

पानजाळी

त्या तशाच पुडीत आहेत. झाडाच्या बिया हाती आल्या की मगच त्या टाकेन, तोवर नाही.

पाच बोंडांना लाल दोरा बांधलाय, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. बाकीच्या दोन फांद्या ओलावा दादांनी सांगितल्या तशा पेल्यात ठेवल्यात. एकीला आज सकाळी पेराशी पांढरं काहीतरी टोचून बाहेर आलेलं दिसतंय. ज्या मैत्रिणीने बिया दिल्या तिचं झाड यंदा थंडीत गेलं. ही फांदी तिची.